खार जास्ती झालाय!

दोन महिने नवीन भाग आला नाही, त्याचं कारण साबण. म्हणजे खरोखरच साबण. मी घरी साबण बनवत होतो, आणि तो बनत नव्हता. हा भाग त्या न बनलेल्या साबणाबद्दल आहे आणि त्याच्या निमित्ताने आपल्याकडच्या साबणाच्या इतिहासाबद्दल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातले बरेचसे "म्हणजे" गाळलेत. सगळे नाही.

सुरुवात रेशनच्या दुकानात झाली. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण सध्या घरून काम चालू असल्यामुळे जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. आजीला घेऊन रेशनला गेलो. मशीनवर तिने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून परत ठेवला. लाल दिवा. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाच्या दहा बोटं झाली. मागे रांग. दुकानदार चांगला माणूस आहे, तो म्हणाला, "आजीचा अंगठा कधीच उठत नाही, ओटीपी घेऊन टाकू." आजी काहीच बोलली नाही. पदर सारखा केला आणि हात पदराखाली घेतला.

घरी आल्यावर मी तिचे हात पहिल्यांदा नीट बघितले. इतकी वर्षं त्याच हातांनी जेवण वाढलं, आणि मी ते बघितले नव्हते. बोटांच्या टोकांवर रेषाच नाहीत. गुळगुळीत, आणि मध्ये मध्ये चिरा.

आम्ही परीट. हे मी पुण्यात फारसं सांगत नाही. कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर "शेती आहे थोडी" असं म्हणतो, जे खोटं नाही. पण आजीने साधारण तीस वर्षं गावाचं धुणं धुतलं. आजोबा गेल्यावर एकटीने. बलुतं होतं तोपर्यंत सुगीला धान्य, नंतर नंतर रोख पैसे.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय आहे, कोरडेपणा आहे, सौम्य साबण वापरा, खोबरेल लावा. मी इंजिनिअर माणूस. "सौम्य साबण" म्हणजे नेमकं काय हे शोधायला बसलो आणि रात्री दोनपर्यंत वाचत राहिलो. घरी बनवलेल्या साबणात ग्लिसरीन शिल्लक राहतं, मोठ्या कारखान्यात ते बऱ्याचदा वेगळं काढून विकलं जातं, हे वाचलं आणि ठरवून टाकलं. आजीसाठी आपण बनवायचा.

थोडं रसायनशास्त्र सांगतो, घाबरू नका. साबणाला दोनच गोष्टी लागतात: तेल आणि खार. तेल म्हणजे कुठलीही चरबी. खार म्हणजे घट्ट साबणासाठी कॉस्टिक सोडा, अर्थात सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्ही एकत्र आले की तेल तुटतं, त्यातली स्निग्धाम्लं खाराशी जोडली जातात आणि साबण तयार होतो, सोबत ग्लिसरीन सुटतं. प्रमाण बरोबर असेल तर शेवटी खार उरत नाही. खार उरला, तर तो साबण नाही, पाइप साफ करायचं औषध आहे.

तेलाची मला काळजी नव्हती. आपल्या परभणीत तेलाला काय तोटा? करडई तर आपलीच. इथल्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली सुरू झालं, करडईचं एक वाण काढलं आहे, त्याचं नावच 'परभणी कुसुम'. मी घाण्यावरून अर्धा लिटर करडईचं तेल आणलं, कॉस्टिकचे फ्लेक्स आणले, आणि घरातलं सगळ्यात जुनं पातेलं घेतलं.

ते ॲल्युमिनियमचं होतं.

ज्यांना माहीत आहे ते आत्ता हसत असतील. कॉस्टिकचं पाणी ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं. पातेल्यात असा काही फेस आला आणि असा वास सुटला की मी ते तसंच उचलून अंगणात नेऊन ठेवलं. पाणी काळं झालं, तळाला खड्डे पडले. आई म्हणाली, "ते माझ्या लग्नातलं होतं." हा पहिला प्रयत्न. साबण शून्य, पातेलं एक कमी.

आता इथे थांबून इतिहासाकडे जातो, कारण हा खार खरंतर या सगळ्या गोष्टीचा नायक आहे, किंवा खलनायक. साबणाच्या इतिहासावर जे लिहिलं जातं ते बहुतेक तेलाबद्दल असतं. हलबचा साबण ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा. मार्सेय शहराच्या साबणाबद्दल तर फ्रान्सच्या राजाने १६८८ मध्ये हुकूमच काढला होता की त्यात ऑलिव्हशिवाय दुसरी चरबी नको. पण माझ्या मते अडचण कधीच तेलाची नव्हती. जगात सगळीकडे काही ना काही तेल किंवा चरबी असतेच. अडचण खाराची. तो राखेतून काढावा लागायचा, किंवा समुद्रकाठच्या झाडांच्या राखेतून, किंवा मातीतून. १७९१ मध्ये निकोला लब्लां नावाच्या फ्रेंच माणसाने साध्या मिठापासून सोडा बनवायची पद्धत काढली, आणि मगच साबण कारखान्यात ढिगाने बनू लागला. म्हणजे स्वस्त खार आधी, स्वस्त साबण नंतर.

मग आपल्याकडे खार कुठून यायचा?

जिंतूरहून मंठा आणि मंठ्याहून पुढे लोणार. आमच्याकडून सकाळी निघालं तर बघून दुपारी जेवायला घरी. लोणारचं सरोवर उल्केच्या आघातामुळे झालंय हे आता शाळेतली पोरंही सांगतात, आणि २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनीच फोटो पाठवले. पण त्याची जुनी ओळख वेगळी होती. पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी, की पीएच दहाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ धुण्याच्या सोड्याचं पाणी. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरा थर जमायचा. तो गोळा केला जायचा, आणि त्याच्या प्रतीप्रमाणे वेगवेगळी नावं होती: दल्ला, पापडी, भुस्की. कापड रंगवणाऱ्यांना तो लागायचा, बांगड्यांची काच करणाऱ्यांना लागायचा.

आणि साबणालाही. हे मला नव्याने कळलं आणि मी खुर्चीतून उठलोच. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने १५९० च्या दशकात 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्यात वऱ्हाडच्या सुभ्याचं वर्णन करताना तो लोणारबद्दल सांगतो की इथे काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो, आणि त्यातून सरकारला चांगलं उत्पन्न येतं. लक्षात घ्या, सोळावं शतक. लिव्हर ब्रदर्सच्या 'सनलाइट' साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या १८८८ मध्ये. भारतातल्या साबणाचा इतिहास बहुतेक ठिकाणी त्या पेट्यांपासून सुरू करतात. त्याच्या तीनशे वर्षं आधी आमच्या शेजारच्या तळ्याच्या साबणमालावर कर घेतला जात होता. तो साबण गोरगरिबांच्या घरात होता असं मी म्हणत नाही. तो असणार सरदारांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी. पण खाराची माहिती इथे होती, हे नक्की.

मी तिथे परत जाऊन आलो. आता ते अभयारण्य आहे, काठावरची चिमूटभर मातीही उचलायची नाही. मी कड्यावरून खाली बघत उभा राहिलो. शेजारी एक कुटुंब सेल्फी काढत होतं. मला आठवलं की आजी लहानपणी आम्हाला इथे कमळजादेवीच्या दर्शनाला आणायची, आणि तेव्हा खाली उतरताना सांगायची, "पाण्यात हात घालू नको, खार हाय." मला वाटायचं देवाधर्माचं काहीतरी असेल.

दुसरा प्रयत्न. स्टीलचं पातेलं, डिजिटल वजनकाटा, हातमोजे, चष्मा. आणि एक गोष्ट, जी कोणी करून बघणार असेल त्याने पाठच करावी: कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. पाणी एकदम इतकं तापतं की उसळून अंगावर येतं. उघड्या जागी करायचं, पोरं लांब ठेवायची.

आणि प्रमाण? त्यासाठी मी स्प्रेडशीट केलं, अर्थातच. प्रत्येक तेलाला किती खार लागतो याचे तक्ते असतात. करडईच्या तेलासमोर आकडा होता: एका ग्रॅमला १९० मिलिग्रॅम. ५०० ग्रॅम तेल, म्हणजे ९५ ग्रॅम कॉस्टिक. सोपं. मिसळलं, घोटलं, पेढ्याच्या मिश्रणासारखं दाट झालं, साच्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी टणक, पांढराशुभ्र, देखणा. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. पंधरा अंगठे आले. (हे अंगठे मात्र लगेच उठतात.)

आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला वडी दाखवली. तिने हातात घेतली नाही. नुसतं जवळ घेऊन बघितलं, वर जे बारीक पांढरे स्फटिक होते त्यांच्यावरून नख फिरवलं, ते नख जिभेच्या टोकाला लावलं, आणि लगेच थुंकली.

"खार जास्ती झालाय."

"नाही गं, मी मोजून घातलाय. हिशोब केलाय."

"मग तुझा हिशोब चुकलाय. हे हाताला लावशील तर कातडं निघंल."

मी परत स्प्रेडशीट उघडलं. सूत्रं बरोबर. वजनं बरोबर. मग तासाभराने तक्त्याच्या तळाची बारीक ओळ दिसली. तो आकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा होता. प्रयोगशाळेत तेलाचा साबणांक त्यातच मोजतात. मी वापरला होता सोडियम हायड्रॉक्साइड, आणि तो वजनाने कमी लागतो, ५६ ला ४० या प्रमाणात. म्हणजे ९५ नाही, साधारण ६८ ग्रॅम. मी २७ ग्रॅम खार जास्त घातला होता. युनिटची चूक. दुसऱ्याच्या कोडमध्ये अशी चूक सापडली तर मी रिव्ह्यूत चांगलं तासभर सुनावलं असतं.

आजीला ना साबणांक माहीत, ना पोटॅशियम. तिला जिभेच्या टोकावर कळलं.

मग मी तिला विचारायला बसलो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा. "तुम्ही धुणं कसं धुवायचात?" आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग सांगायला लागली, आणि मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं.

तिच्या सासूच्या काळात खार विकत घ्यायचा नसायचा. नदीकडच्या चोपण जमिनीत उन्हाळ्यात वर पांढरं फुटायचं, ती माती खरवडून आणायची, पाण्यात कालवून निवळी घ्यायची. नाहीतर आघाड्याची राख, केळीच्या खुंटाची राख. आजी लग्न होऊन आली तोवर बाजारात धुण्याचा सोडा मिळायला लागला होता. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे, आणि भट्टीवर रचायचे. खाली मोठ्या हंड्यात पाणी उकळतंय, वर कपड्यांची चळत, आणि वाफ त्यातून रात्रभर फिरतेय. पहाटे ते गाठोडं पूर्णेवर न्यायचं, दगडावर आपटायचं, पाण्यात खळबळायचं. पांढऱ्याला नीळ, धोतराला खळ.

"आणि साबण?"

"साबण पाटलाच्या घरी. आमाला कशाला साबण? भट्टीतच मळ सुटायचा."

या वाक्यावर मी रेकॉर्डिंग थांबवलं, कारण मला काहीतरी दिसलं. कपड्यात मळ कशाने धरून बसतो? अंगाच्या तेलाने. घाम, डोक्याचं तेल, स्वयंपाकाचा तेलकटपणा. त्यात खार मुरवला आणि रात्रभर वाफेवर तापवलं, तर काय होईल? तेल अधिक खार अधिक उष्णता. साबण. कपड्यातला तेलकटपणाच साबण बनतो आणि स्वतःसोबत मळ घेऊन पाण्यात निघून जातो. म्हणजे मी स्टीलच्या पातेल्यात जे करू बघत होतो, ते ही बाई तीस वर्षं रोज रात्री कपड्याच्या आत करत होती. वडी कधी दिसली नाही, एवढंच.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' पुस्तक १९१५ चं. गावातल्या बलुतेदारांबद्दल वाचायचं तर अजूनही तिथूनच सुरुवात करावी लागते. बारा बलुतेदारांत परीट येतो. पण बलुतेदारांबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक हक्क, मान आणि धान्याबद्दल असतं: कोणाला किती पेंढ्या, लग्नात पायघड्या कोण घालणार. कामात कुठलं ज्ञान होतं, हे क्वचित. सुताराचं, लोहाराचं कौशल्य डोळ्यांना दिसतं. परटाच्या हाती शेवटी दुसऱ्याचाच सदरा असतो, फक्त स्वच्छ. तो सदरा घालून जाणारा माणूस त्यात काय रसायन झालं याचा विचार कशाला करेल?

मी हे सगळं आजीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. की आजी, तू केमिस्ट आहेस. तुझं ते शास्त्र होतं.

ती म्हणाली, "शास्तर कसलं आलंय. हात सडायचे."

आणि ही दुसरी बाजू आहे, जी मी तेवढ्यापुरती विसरलो होतो. कॉस्टिकचं पाणी बोटाला लागलं तर आधी आग होत नाही. आधी बोट बुळबुळीत होतं. साबण लागल्यासारखं. ते बुळबुळीत का होतं माहितेय? कारण तो खार तुमच्या कातडीतल्या तेलाचाच साबण करत असतो. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात हातमोज्याला बारीक भोक होतं, तेव्हा मी हे एका बोटावर अनुभवलं आणि तीन मिनिटं नळाखाली हात धरून उभा राहिलो. धुण्याचा सोडा कॉस्टिकपेक्षा पुष्कळ सौम्य. पण तीस वर्षं. ज्या प्रक्रियेने पाटलाचं धोतर पांढरं होत होतं, तिच्याच मंद आचेवर आजीची बोटं होती. रेशनच्या मशीनला जे सापडत नाही ते तिथे गेलं.

तिसरा प्रयत्न पटकन सांगतो. ६८ ग्रॅमच्याही थोडा खाली, बरोब्बर हिशोबाने. खार उरला नाही, जिभेची परीक्षा पास. पण साबण घट्टच होईना. चार आठवडे, सहा आठवडे, बोट लावलं की रुततंय. वर पिवळे डाग आले आणि खवट वास. आजी म्हणाली, "साबण हाय का लोणी?" कारण साधं आहे: करडईच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं. हृदयाला चांगलं म्हणून आपण ज्याची जाहिरात करतो तेच. त्याचा साबण मऊ होतो आणि लवकर खराब होतो. परभणीचा अभिमान बाजूला ठेवून मला खोबरेल आणावं लागलं.

इथे मला अर्देशीर गोदरेज आठवले, आणि जरा धीर आला. या माणसाचं चरित्र म्हणजे चुकलेल्या प्रयत्नांची यादी आहे. वकिली शिकले, सोडली. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली, ते जमलं नाही, कारण त्यावर भारतात बनवल्याची खूण ठेवायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. १८९७ मध्ये कुलपं सुरू केली, ती चालली. आणि मग पहिलं महायुद्ध संपत असताना, १९१८-१९ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत हे गृहस्थ मुंबईत साबण करायला लागले. साबणाचं नाव 'चावी', कुलपांवरून. त्या वेळच्या अनेक साबणांत जनावरांची चरबी असायची, आणि इथल्या लोकांना ती नको होती. अर्देशीरांनी वनस्पती तेलाचा साबण काढला. १९२० च्या सुमारास 'नंबर २' आला आणि दोनेक वर्षांनी 'नंबर १'. उलटा क्रम का, तर लोकांना दोन नंबरच इतका आवडला तर एक नंबर त्याहून चांगलाच असणार असं वाटेल, अशी त्यांची कल्पना. रवींद्रनाथ टागोरांनी या साबणाची जाहिरात केली. १९२१ मध्ये अर्देशीरांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले.

चावी हा जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण, असं कौतुकाने सांगितलं जातं. ते काही खरं नाही, हलब आणि मार्सेयचं मी आत्ताच सांगितलं. पण भारतात, त्या काळात, त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणून ते मोठं होतंच. फक्त मला एक गंमत वाटते. स्वदेशीची सगळी चर्चा तेलावर. कॉस्टिक सोड्याचं मोठं उत्पादन भारतात सुरू झालं १९४० च्या दशकात. त्याआधी तो मुख्यतः परदेशातून यायचा. मिठापूरला टाटांचा सोड्याचा कारखाना १९३९ चा. म्हणजे स्वदेशी साबणाच्या पहिल्या वीस वर्षांत तेल आपलं आणि खार बहुतेक साहेबाचा. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, मगनवाडीत. तिथे घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्यासोबत साबणही होता. गावातलाच खार आणि गावातलंच न खाण्याचं तेल, निंबोळीसारखं, ही ती दिशा. मला ती विचार म्हणून सगळ्यात नेटकी वाटते. पण गावाने अखेर तिचं ऐकलं नाही.

गावाने ऐकलं करसनभाई पटेलांचं. अहमदाबाद, १९६९. सरकारी नोकरीतला केमिस्ट, घराच्या मागच्या अंगणात पावडर मिसळायचा आणि सायकलवरून दारोदार विकायचा, ३ रुपये किलो, जेव्हा सर्फ दहाच्या वर होता. मुलीच्या नावावरून 'निरमा'. घरगुती नवशिक्यांच्या इतिहासात याहून यशस्वी माणूस मला माहीत नाही. आणि ती पावडर साबण नव्हती, डिटर्जंट होती, हे महत्त्वाचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही असं आपण म्हणतो ते पाणी. त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळतं आणि फेसाऐवजी पांढरा चोथा तयार होतो, बादलीच्या कडेला थर बसतो. डिटर्जंटला त्याचा तेवढा त्रास नाही. नदीवर जायची गरज संपली. घरोघरी मोरीत धुणं होऊ लागलं.

ऐंशीच्या दशकात निरमा आमच्या गावात पोचला, आणि चार-पाच वर्षांत आजीचं बलुतं संपलं. मला वाटलं होतं हे सांगताना ती हळहळेल. मी तसा प्रश्नही विचारला, जरा रडक्या सुरात, पॉडकास्टसाठी बरा पडेल म्हणून. कबूल करतो.

"बरं झालं की," ती म्हणाली. "बहात्तरला नदीत पाणी नव्हतं, तरी लोकं धुणं आणून टाकायची. धुतलं नाही तर दाणे नाहीत. निरमा आला, ज्याचं त्यानं धुवावं. तुझा बाप शाळंत गेला तो त्यामुळं. नाहीतर गाठोडं उचलायला गेला असता."

रेकॉर्डिंगमध्ये यानंतर बारा सेकंद काहीच नाही. फक्त तांदूळ सुपात पडल्याचा आवाज. तो मी काढलेला नाही, ऐकणाऱ्यांनी ऐकला असेल.

एक गोष्ट तिने नंतर जोडली: बलुतं गेल्यावर ती तालुक्याच्या गावी एका लॉजच्या चादरी धुवायला जायची. तिथे पावडरच. त्या स्वस्त पावडरींत सोडा भरपूर असतो. म्हणजे खार सुटला नाहीच, पुडी बदलली. हाताच्या चिरा त्या काळातल्या जास्त, असं ती म्हणते.

चौथा प्रयत्न. आकडे देतो, कोणाला हवे असतील तर. खोबरेल २०० ग्रॅम, करडई २५०, एरंडेल ५०. या तिन्हींना मिळून हिशोबाने ७७ ग्रॅम कॉस्टिक लागतो. मी ७३ घातला, म्हणजे पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं राहतं आणि हाताला बरं पडतं. पाणी १६५ ग्रॅम. यावेळी घोटताना आजी शेजारी बसली होती. मी थर्मामीटर लावत होतो, ती रवीवरून पडणारी धार बघत होती. "आता वत," ती म्हणाली. मशीनच्या हिशोबाने अजून वेळ होता. मी ओतलं.

पाच आठवडे पत्र्यावर, सावलीत. दर रविवारी ती एका वडीवर नख फिरवून जिभेला लावायची. चौथ्या रविवारी थुंकली नाही.

गेल्या महिन्यात रेशनला गेलो. तोवर ती तीन आठवडे तो साबण वापरत होती आणि रात्री हाताला खोबरेल लावत होती. अंगठा उठला नाही. तर्जनी नाही. उजव्या हाताचं मधलं बोट तिसऱ्या वेळेला उठलं, हिरवा दिवा लागला. आता हे साबणामुळे, की खोबरेलामुळे, की दुकानदाराने मशीनची काच पुसली होती म्हणून, मला सांगता येणार नाही. एका नमुन्यावर मी काही सिद्ध करणार नाही. या महिन्यात परत लाल दिवा लागला, हेही सांगून ठेवतो.

परवा सकाळी मोरीत बघितलं तर माझी वडी अर्धी झिजलेली. म्हणलं, एवढी कशी संपली? आजी बाहेर दोरीवर माझा ऑफिसचा पांढरा शर्ट वाळत घालत होती. कॉलर बघण्यासारखी स्वच्छ.

"अगं, तो हाताला दिला होता."

"हाताला काय करायचंय. कापडाला चांगलाय." मग शर्टाची बाही झटकून म्हणाली, "पुढच्या टायमाला ते खोबरं जरा कमी टाक. फेस लई येतो. खळबळायला दोन बादल्या जास्ती लागल्या."